डायलिसिस रुग्णांमधील शाकाहार आणि पोषण

डायलिसिसवर असलेल्या मूत्रपिंड रुग्णांनी शाकाहारी राहून पुरेसे पोषण कसे मिळवावे, हा मूत्रपिंडविकारशास्त्र आणि आहारशास्त्र या दोन्ही शाखांमधील अभ्यासाचा विषय आहे. डायलिसिस, म्हणजेच अपोहन, सुरू झाल्यावर शरीराची प्रथिनांची गरज वाढते. त्याच वेळी पोटॅशियम, फॉस्फरस, सोडियम आणि पाणी यांच्या सेवनावर मर्यादा येतात. डाळी, कडधान्ये, दूध व दुग्धजन्य पदार्थ हे शाकाहारातील प्रथिनांचे प्रमुख स्रोत असून त्यांतच पोटॅशियम व फॉस्फरसही असतात. त्यामुळे शाकाहार अशा रुग्णांना अयोग्य आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. अलीकडील संशोधनाने हे मत बरेच बदलले आहे. योग्य नियोजन केलेला शाकाहार डायलिसिस रुग्णांना चालू शकतो, मात्र पथ्याच्या नावाखाली अपुरे खाणे धोकादायक ठरते, असे आता मानले जाते.

## पार्श्वभूमी

निरोगी मूत्रपिंडे रक्तातील युरिया, अतिरिक्त क्षार व पाणी मूत्रावाटे बाहेर टाकतात आणि रक्ताची आम्लता नियंत्रित ठेवतात. लाल रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही ती तयार करतात. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या अंतिम टप्प्यात ही कार्ये जवळजवळ थांबतात. अशा वेळी मूत्रपिंड प्रत्यारोपण किंवा डायलिसिस हे दोन उपाय उरतात.

डच वैद्य विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. अमेरिकेतील सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये रक्तवाहिनीत कायम ठेवता येणारी नळी वापरात आणली. त्यानंतर रुग्णावर वर्षानुवर्षे डायलिसिस करणे शक्य झाले. डायलिसिसचे दोन मुख्य प्रकार आहेत. हिमोडायलिसिसमध्ये रक्त यंत्रातील गाळणीतून फिरवले जाते. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये उदरपोकळीत द्रव सोडून पोटातील नैसर्गिक पडद्याचाच गाळणीसारखा उपयोग केला जातो.

भारतात २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांमधून गरीब रुग्णांना मोफत डायलिसिस मिळण्याची सोय झाली. तरीही आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा डायलिसिस करून घेणारे रुग्ण भारतात मोठ्या संख्येने आहेत. दोन सत्रांमधील अंतर जितके अधिक, तितके पोटॅशियम व पाणी शरीरात अधिक साठते. म्हणून अशा रुग्णांच्या आहाराचे नियोजन अधिक काटेकोर करावे लागते.

## डायलिसिसपूर्वीचे आणि नंतरचे पथ्य

मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाचे पथ्य डायलिसिस सुरू होताच एका महत्त्वाच्या बाबतीत उलटे होते. डायलिसिसपूर्व टप्प्यात युरियाची निर्मिती कमी व्हावी म्हणून प्रथिने मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला जातो. १९६० च्या दशकात इटलीतील जोर्दानो तसेच जोव्हानेत्ती व माज्जोरे यांच्या कामामुळे अल्पप्रथिन आहार रूढ झाला. आजही निवडक रुग्णांमध्ये देखरेखीखाली तो वापरला जातो.

डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिने वाढवावी लागतात. हिमोडायलिसिसच्या एका सत्रात सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले शरीराबाहेर जातात. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये दररोज साधारणतः ५ ते १५ ग्रॅम प्रथिने द्रवातून निघून जातात आणि उदरपोकळीत जंतुसंसर्ग झाल्यास हे प्रमाण आणखी वाढते. याखेरीज डायलिसिसची प्रक्रिया, रक्तातील आम्लता आणि शरीरात सतत असलेला दाह यांमुळे स्नायूंतील प्रथिनांचे विघटन होत राहते.

अनेक कुटुंबांमध्ये डायलिसिसपूर्वी सांगितलेले 'डाळ बंद, दूध बंद' हे पथ्य डायलिसिस सुरू झाल्यानंतरही तसेच चालू राहते. त्यातच पोटॅशियमच्या भीतीने फळे व भाज्या वगळल्या जातात. शाकाहारी रुग्णाच्या ताटात मग केवळ भात, पोळी आणि उकडलेली एखादी भाजी उरते. मांसाहारी रुग्णाची डाळ बंद झाली तरी अंडी, मासे वा कोंबडी हे पर्याय राहतात. शाकाहारी रुग्णाकडे तसा पर्याय नसल्याने त्याच्या बाबतीत हा गैरसमज अधिक घातक ठरतो.

## प्रथिने व ऊर्जा यांची क्षीणता

दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात शरीरातील प्रथिने व ऊर्जेचे साठे घटत जाण्याच्या अवस्थेला २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने एक निश्चित व्याख्या दिली. रक्तातील अल्ब्युमिनचे प्रमाण दर १०० मिलिलिटरमागे ३.८ ग्रॅमपेक्षा कमी असणे, शरीर-वस्तुमान निर्देशांक २३ पेक्षा कमी असणे, स्नायूंची झीज आणि आहारातील घट हे तिचे निकष आहेत. डायलिसिस रुग्णांमध्ये ही अवस्था वाढत्या रुग्णालयीन दाखल्यांशी व मृत्यूंशी निगडित असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अल्ब्युमिन केवळ आहारावर अवलंबून नसते. दाह, जंतुसंसर्ग व शरीरात साठलेले पाणी यांमुळेही ते कमी दिसते.

ही झीज सहज लक्षात येत नाही. स्नायू घटत असताना त्यांची जागा साठलेले पाणी घेते आणि वजनकाट्यावरील आकडा तोच राहतो. त्यामुळे डायलिसिसनंतरचे, अतिरिक्त पाणी काढून टाकलेले 'कोरडे वजन' वेळोवेळी नव्याने ठरवावे लागते. तसेच डायलिसिसपूर्व रक्ततपासणीत युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम व फॉस्फरस हे सर्वच घटक कमी आढळले, तर ते नेहमीच चांगल्या पथ्याचे लक्षण नसते. रुग्ण पुरेसे खात नसल्याचाही तो संकेत असू शकतो.

## प्रथिनांची गरज आणि शाकाहारी स्रोत

अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हिमोडायलिसिस रुग्णांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १.२ ग्रॅम प्रथिने सांगितली होती. त्यांपैकी किमान निम्मी उच्च जैविक मूल्याची असावीत, अशी अपेक्षा होती. २०२० च्या सुधारित तत्त्वांमध्ये दर किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने व २५ ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा असे प्रमाण दिले आहे. प्राणिज व वनस्पतिज प्रथिनांपैकी एकाचीच शिफारस करण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असेही त्यांत नमूद आहे.

धान्यांतील प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही आहारात असल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, खिचडी, डाळ-पोळी किंवा इडली या पदार्थांत हा मेळ आपोआप साधला जातो. दोन्ही घटक एकाच घासात असण्याची गरज नसते, दिवसभराच्या आहारात ते असले तरी पुरते. सोयाबीन, दूध आणि अंड्याचा पांढरा भाग यांतील प्रथिनांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले पुरेशा प्रमाणात असतात.

पाश्चात्त्य देशांत 'शाकाहारी' या शब्दात बहुधा अंड्यांचा समावेश होतो. भारतातील बहुसंख्य शाकाहारी कुटुंबे दूध घेतात, परंतु अंडी वर्ज्य मानतात. त्यामुळे परदेशी आहारतक्ते येथे जसेच्या तसे वापरता येत नाहीत.

६० किलो वजनाच्या रुग्णाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. अंड्याविना ती पुढीलप्रमाणे मिळू शकतात (वजने कच्च्या पदार्थांची, आकडे अंदाजे):

- गव्हाचे पीठ १२० ग्रॅम (सुमारे चार पोळ्या): १२ ते १३ ग्रॅम
- तांदूळ १०० ग्रॅम: ८ ग्रॅम
- तूर किंवा मूग डाळ ६० ग्रॅम: १३ ते १४ ग्रॅम
- पनीर ६० ग्रॅम: ११ ग्रॅम
- दूध किंवा दही २०० मिलिलिटर: ६ ते ७ ग्रॅम
- सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम: १२ ते १३ ग्रॅम

ही बेरीज ६२ ते ६६ ग्रॅमच्या दरम्यान भरते. अंडी चालणाऱ्या रुग्णाने दोन अंड्यांचा पांढरा भाग घेतल्यास आणखी ७ ग्रॅमची भर पडते. याउलट, सोयाबीन, पनीर व डाळ तिन्ही वगळल्यास हीच बेरीज २८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही खाली येते. वरील यादी केवळ गणित समजण्यासाठी आहे. प्रत्यक्ष प्रमाण रुग्णाच्या रक्ततपासणीनुसार ठरते.

ऊर्जा अपुरी पडल्यास शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळते. त्यामुळे पुरेसे तेल, तूप, भात, पोळी यांनाही महत्त्व आहे. पेरिटोनियल डायलिसिसच्या द्रवातील ग्लुकोज शरीरात शोषले जात असल्याने त्या रुग्णांच्या हिशोबात ही ऊर्जा धरावी लागते. मधुमेही रुग्णांमध्ये रक्तशर्करेचाही विचार करावा लागतो.

## पोटॅशियम

रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात व हृदय अचानक बंद पडू शकते. म्हणून पोटॅशियमविषयीची काळजी अनाठायी नाही. तथापि आहारातील पोटॅशियम हे या वाढीचे एकमेव कारण नसते. चुकलेले डायलिसिस सत्र, बद्धकोष्ठता, रक्ताची वाढलेली आम्लता, अनियंत्रित मधुमेह आणि रक्तदाबावरील काही औषधे यांमुळेही ते वाढते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पोटॅशियमचा बराच मोठा भाग आतड्यावाटे बाहेर पडतो. त्यामुळे चोथायुक्त शाकाहाराने शौचास साफ होणे हे पोटॅशियम नियंत्रणास साहाय्यक ठरते. पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटॅशियम सतत बाहेर जात असल्याने काही रुग्णांत ते उलट कमी होते, अशा वेळी फळे वाढवावी लागतात.

शहाळ्याचे पाणी, केळी, खजूर, जर्दाळू, टोमॅटोचा घट्ट रस, पालक, रताळे, सुरण व फळांचे रस यांत पोटॅशियम अधिक असते. गुळात ते साखरेपेक्षा बरेच जास्त असते. सफरचंद, नासपती, अननस, दुधी भोपळा, दोडका, पडवळ, कोबी व काकडी यांत ते तुलनेने कमी असते. कमी पोटॅशियमचा पदार्थही मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास एकूण मात्रा वाढते.

पोटॅशियम पाण्यात विरघळते. भाजी लहान तुकड्यांत चिरून मुबलक पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास त्याचे प्रमाण घटते. अशा रीतीने उकळलेल्या बटाट्यातील पोटॅशियम सुमारे निम्मे होते आणि बटाटा किसून उकळल्यास त्याहून अधिक घटते. चिरलेला बटाटा न उकळता नुसता पाण्यात भिजवून ठेवण्याचा फारसा उपयोग होत नाही. वाफवणे, भाजणे किंवा तळणे यांमुळे पोटॅशियम पदार्थातच राहते. डाळ भिजवून ते पाणी टाकावे, नंतर भरपूर पाण्यात शिजवून वरचे पाणी काढावे आणि मग फोडणी द्यावी, ही पद्धत यासाठीच सुचवली जाते. डाळीचे वा पालेभाजीचे काढलेले पाणी कट किंवा सार म्हणून वापरल्यास हा हेतू विफल होतो.

कमरख (कर्मर) हे फळ डायलिसिस रुग्णांनी पूर्णपणे टाळावयाचे असते. त्यातील कॅरॅम्बॉक्सिन हे मज्जातंतूंवर परिणाम करणारे विष निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात, परंतु निकामी मूत्रपिंडांच्या रुग्णांत ते साठते. न थांबणारी उचकी, संभ्रम, आकडी ही त्याची लक्षणे असून मृत्यूही ओढवू शकतो.

## फॉस्फरस

रक्तातील फॉस्फरस दीर्घकाळ वाढलेला राहिल्यास हाडे कमकुवत होतात, अंगाला खाज सुटते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते. पदार्थात फॉस्फरस किती आहे याइतकेच तो किती शोषला जातो, हेही महत्त्वाचे असते. डाळी व धान्यांतील बराचसा फॉस्फरस फायटेट या रूपात बांधलेला असतो. मानवी आतड्यात फायटेटचे विघटन करणारे विकर पुरेसे नसल्याने वनस्पतिज फॉस्फरसचा साधारणतः ३० ते ५० टक्के भागच शोषला जातो. दूध व मांस यांतील फॉस्फरस त्याहून अधिक शोषला जातो. खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वा फुगवण्यासाठी मिसळलेले फॉस्फेट क्षार ९० टक्क्यांहून अधिक शोषले जाऊ शकतात.

यावरून शाकाहारी रुग्णाच्या आहारातील फॉस्फरसचा मोठा धोका घरच्या वरणात नसून प्रक्रियायुक्त चीज, कोला पेये, बेकिंग पावडर घातलेले पदार्थ आणि पाकीटबंद तयार खाद्यपदार्थ यांत असतो, हे स्पष्ट होते. दर ग्रॅम प्रथिनामागे मिळणारा फॉस्फरस हेही एक उपयुक्त माप आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात ते १ ते २ मिलिग्रॅम, तूर व मूग डाळीत सुमारे १५ ते १७ मिलिग्रॅम, तर दुधात २८ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणूनच प्रथिनांसाठी केवळ दुधावर विसंबणे योग्य समजले जात नाही.

मोड आणल्याने कडधान्यांतील फायटेटचे काही प्रमाणात विघटन होते. त्यामुळे लोह व जस्त अधिक मिळतात, पण फॉस्फरसही अधिक शोषला जाऊ शकतो. भिजवलेले पाणी टाकून दिल्यास त्याचा काही भाग निघून जातो. कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम अॅसिटेट, सेवेलामर यांसारखी फॉस्फरस बांधून ठेवणारी औषधे जेवणाबरोबरच घ्यावी लागतात. रिकाम्या पोटी घेतल्यास अन्नातील फॉस्फरस बांधण्याचे त्यांचे कार्य होत नाही.

## सोडियम व पाणी

दररोजचे सोडियम २.३ ग्रॅमपेक्षा, म्हणजे मीठ सुमारे ६ ग्रॅमपेक्षा कमी असावे, अशी २०२० च्या तत्त्वांची शिफारस आहे. महाराष्ट्रातील शाकाहारी जेवणात लोणचे, पापड, सांडगी मिरची व फरसाण यांतून मीठ नकळत वाढते. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते. शेंदेलोण हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने ते साध्या मिठाला पर्याय ठरत नाही. 'कमी सोडियमचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिठांत पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. ते डायलिसिस रुग्णांना विशेष धोकादायक असते.

मीठ वाढले की तहान वाढते आणि दोन सत्रांमधील वजनवाढही वाढते. पाण्याच्या मोजमापात चहा, ताक, आमटी, सार, पेज व पातळ खिचडी यांचाही समावेश होतो. शाकाहारी जेवणातील बरेच पदार्थ पातळ असल्याने घट्ट वरण, उसळ, पिठले किंवा चक्का यांना प्राधान्य दिले जाते.

## जीवनसत्त्वे, लोह व इतर घटक

ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते. दूध हा शाकाहारी व्यक्तीसाठी त्याचा मुख्य स्रोत असल्याने दूध बंद केल्यास त्याची कमतरता संभवते. ब गटातील इतर जीवनसत्त्वे, फॉलिक आम्ल व क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारी असल्याने ती डायलिसिसमध्ये तसेच भाजीचे पाणी फेकण्यातही कमी होतात. त्यामुळे मूत्रपिंड रुग्णांसाठीच्या वेगळ्या गोळ्या दिल्या जातात. सामान्य बहुजीवनसत्त्व गोळ्यांत अ जीवनसत्त्व असते व ते या रुग्णांत साठू शकते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने ऑक्झलेट साठते.

वनस्पतिज लोह कमी शोषले जाते. मात्र हिमोडायलिसिस रुग्णांना लोह बहुधा शिरेवाटे व त्याजोडीला एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन दिले जाते. त्यामुळे केवळ मांसाहार न केल्याने रक्तक्षय बळावतो, असे म्हणता येत नाही. ब-१२ किंवा फॉलिक आम्लाची कमतरता असल्यास मात्र या इंजेक्शनचा परिणाम कमी दिसतो.

## संशोधन

अमेरिकेत २०११ मध्ये शॅरन मो व सहकाऱ्यांनी डायलिसिसपूर्व टप्प्यातील नऊ रुग्णांना आळीपाळीने एकेक आठवडा शाकाहारी व मांसाहारी आहार दिला. दोन्ही आहारांतील फॉस्फरस सारखाच असूनही शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातील फॉस्फरस कमी आढळला. हा अभ्यास छोटा असला, तरी फॉस्फरसच्या स्रोताला असलेले महत्त्व त्यातून पुढे आले.

आतड्यातील जिवाणू काही अमिनो आम्लांपासून पी-क्रेसिल सल्फेट व इंडॉक्सिल सल्फेट या विषारी द्रव्यांची पूर्वद्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये रक्तातील प्रथिनांना चिकटून राहत असल्याने डायलिसिसने नीट निघत नाहीत. निरोगी व्यक्तींच्या २०१२ मधील एका अभ्यासात शाकाहारी व्यक्तींमध्ये त्यांची निर्मिती लक्षणीयरीत्या कमी आढळली.

युरोप व दक्षिण अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक हिमोडायलिसिस रुग्णांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फळे व भाज्या अधिक खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. दिवसाला चार किंवा अधिक वाढप फळे-भाज्या खाणारे रुग्ण त्यात केवळ ४ टक्के होते. हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे. ज्यांची प्रकृती मुळात बरी आहे तेच अधिक खाऊ शकतात, ही शक्यता त्यात उरते. डायलिसिस रुग्णांना शाकाहार व मांसाहार अशा गटांत विभागून दीर्घकाळ केलेल्या मोठ्या चाचण्यांची उणीव असल्याने शाकाहार श्रेष्ठ आहे, असा निष्कर्षही काढता येत नाही.

## उपवास

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र अशा प्रसंगी उपवास करणाऱ्या रुग्णांसमोर वेगळे प्रश्न उभे राहतात. साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्टमय पदार्थ असून प्रथिने नगण्य असतात. सोबतचे शेंगदाणे, बटाटा, रताळे व केळी यांतून पोटॅशियम वाढते. पूर्ण निराहार राहणेही सुरक्षित नसते. उपाशीपोटी इन्सुलिनची पातळी घटते आणि पोटॅशियम पेशींतून रक्तात येऊ लागते. त्यामुळे काहीही न खाता डायलिसिस रुग्णांत पोटॅशियम वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. उपवास करावयाचाच असल्यास वरीचे तांदूळ, पनीर, मोजके दूध वा दही यांचा उपयोग करून तो डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्यतो डायलिसिसच्या दिवशी सत्र न चुकवता करणे अधिक सुरक्षित मानले जाते.

## देखरेख

शाकाहारी डायलिसिस रुग्णाच्या पोषणाचे मूल्यमापन एकाच तपासणीवरून होत नाही. कोरडे वजन, अल्ब्युमिन, हाताच्या पकडीची ताकद, भूक आणि तीन दिवसांच्या आहाराची नोंद यांचा एकत्रित विचार केला जातो. पोटॅशियम व फॉस्फरसची नियमित तपासणी करतात. डायलिसिसच्या आधी व नंतर मोजलेल्या युरियावरून रुग्ण दररोज किती प्रथिने घेत आहे, याचा अंदाज करता येतो. एखादा घटक वाढलेला आढळल्यास संपूर्ण अन्नगट बंद करण्याऐवजी त्याचे नेमके कारण शोधणे, पदार्थाचे प्रमाण किंवा शिजवण्याची पद्धत बदलणे आणि औषधे व डायलिसिसची मात्रा तपासणे, हा क्रम पाळला जातो. आहारातून काही वगळावे लागले, तर त्यातून मिळणारी प्रथिने व ऊर्जा दुसऱ्या कोणत्या पदार्थाने भरून काढावयाची, हेही त्याच वेळी ठरवणे आवश्यक असते.